चौदावा नियम

लार्च लेनमध्ये चौतीस घरं होती आणि त्यांतल्या एकालाही चाकं नव्हती. म्हणजे चाकं होती, प्रत्येक घराच्या पोटाखाली दोन-दोन, तीन-तीन आस होते, पण तसं बोलायचं नाही असा लोरीन टॅगार्टचा दंडक होता. कारखान्यात तयार होऊन ट्रकमागून ओढत आणलेली घरं ती. अमेरिकेतल्या स्पोकेन शहरातल्या लोकांना ती कधी घरं वाटलीच नाहीत. लोरीनला मात्र ती सगळ्यांना घरंच वाटायला हवी होती. बावीस वर्षं ती तिथली मॅनेजर होती. जागा मालकाची, घरं ज्याची त्याची आणि नियम लोरीनचे, असा तिथला कारभार.

नियम एकूण एकोणीस. सहावा, दोरीवर कपडे वाळत घालायचे नाहीत. नववा, घराखाली काहीही साठवायचं नाही, उंदीर होतात. आणि चौदावा, घराच्या टोकाला पुढे आलेली तिकोनी लोखंडी दांडी, जिला ट्रक जोडून घर ओढतात, ती काढून भंगारात द्यायची. दांडी दिसली की घराची गाडी होते, असं लोरीनचं म्हणणं. ती अकरा वर्षांची असताना वर्गातल्या एका मुलीने तिला वाढदिवसाला बोलावलं नव्हतं. का, म्हणून विचारल्यावर त्या मुलीने सरळ सांगितलं होतं, "आई म्हणते, तुमचं घर कधीही उठून निघून जाईल असलं आहे." असल्या गोष्टी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाहीत. काही लोक दारू पितात. लोरीनने नियम केले.

बहुतेकांच्या दांड्या बोल्टांवर होत्या. कुरकुर करत का होईना, त्यांनी त्या सोडवल्या. ड्वेन स्विहार्टची दांडी मात्र सांगाड्याला वेल्ड केलेली होती, आणि ड्वेन स्वतः लाकडाच्या गिरणीत तीस वर्षं मेकॅनिक होता, म्हणजे डोकंही तसंच वेल्ड केलेलं.

"घोडा मेला म्हणून कुणी लगाम जाळत नाही, लोरीन," तो म्हणाला होता.

लोरीनने पिवळ्या कागदावर एक नोटीस लावली, मग दुसरी. तिसरी लावली तेव्हा त्याच्या बायकोची, मार्जीनची, बहीण पाहुणी आलेली होती, आणि तिने ती मोठ्याने वाचून दाखवली. त्याच दुपारी ड्वेनने गॅसची नळी पेटवली, दांडी कापली, हातगाडीवर घालून आणली आणि लोरीनच्या पायरीवर टाकली.

"घे. शोकेसमध्ये ठेव," एवढंच बोलून तो गेला.

त्याला आता नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत दोघांत एक शब्द नाही. भाड्याचा चेक तो ऑफिसच्या दाराखालून आत सारायचा आणि ती पावती त्याच्या टपालपेटीत टाकायची. दांडी तिने दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकली होती.

मग म्हातारा मालक गेला. त्याच्या मुलाने जागा एका गोदामवाल्या कंपनीला विकली आणि चौतीस दारांवर चौतीस पत्रं आली. तीस सप्टेंबरच्या आत सगळ्यांनी निघायचं. ही नोटीस पिवळी नव्हती आणि लोरीनची नव्हती. ती तिलाही आली होती.

अशा घरांची वस्ती, तिला पार्क म्हणतात, बंद झाली की घरवाल्यांसाठी राज्याचा मदतनिधी असतो. घर हलवलंत तर हलवण्याचा खर्च मिळतो. हलवता येत नसेल तर त्याहून बरीच कमी मदत मिळते आणि घर मोडून टाकतात. फॉर्म अकरा पानी. इथे मात्र लोरीनला मानलं पाहिजे. दुसरी एखादी रडत बसली असती. हिने क्लबहाउसमध्ये टेबल मांडलं, पाच पेन्सिली टोकदार करून ठेवल्या आणि एकेकाला बोलावून फॉर्म भरून घेतले. जन्मभर ज्यांना वाळत घातलेल्या टॉवेलावरून बोलली, त्यांच्यासाठी तिने निधीच्या ऑफिसला साठ-साठ फोन केले. ड्वेन तेवढा टेबलाशी आला नाही. त्याचा फॉर्म दाराखालून आला, छापल्यासारख्या अक्षरात भरलेला, एकही चूक नाही.

सप्टेंबर उजाडेपर्यंत पंचवीस घरं गेली, बहुतेक मोडून, एखाददुसरं नवी दांडी मागवून ओढत. राहिली नऊ, त्यांत एक लोरीनचं आणि एक ड्वेनचं. सोमवारी रुडी ओचोआ आला. हा घरं ओढणारा माणूस, चाळिशीचा, गोल, सतत सूर्यफुलाच्या बिया चावणारा. घराखाली टॉर्च घेऊन सरपटत जायचा आणि बाहेर येऊन भिंतीवर खडूने बरोबरची खूण नाहीतर फुली मारायचा. त्या खडूला लोक डॉक्टरला भ्यायचे तसे भ्यायचे.

ड्वेनच्या घराखालून तो बाहेर आला आणि डोकं खाजवत लोरीनकडे गेला.

"मॅडम, सत्तावीस नंबरचं घर एकदम ठणठणीत आहे. आस चांगले, छप्पर चांगलं. फक्त पुढची दांडी गायब आहे. कुण्या शहाण्याने मुळापासून कापली आहे."

"नवी लावता येईल ना?" लोरीनने विचारलं.

"मागवली तर सहा आठवडे. तोवर इथे गोदाम उभं राहील."

"ड्वेनला वेल्डिंग येतं. दोन तासांत करेल तो."

"करेल हो. पण शुक्रवारी तपासनीस येणार. त्याला कारखान्याचा शिक्का असलेली दांडी लागते. हातची बनवलेली रस्त्यात तुटली तर माझं लायसन्स जाईल. आणि तपासनीस परत येणार तो ऑक्टोबरमध्ये." त्याने बीचं टरफल थुंकलं. "त्यांच्यासाठी अठ्ठावीस तारीख राखून ठेवली आहे मी. पण शुक्रवारपर्यंत दांडी नाही, तर फुली."

फुलीची बातमी घरवाल्याला सांगायची ती मॅनेजरने. लोरीन नऊ वर्षांत पहिल्यांदा सत्तावीस नंबरच्या पायऱ्या चढली.

दार मार्जीनने उघडलं. तिची आठवण जात चालली आहे हे लेनमध्ये सगळ्यांना माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि बघणं वेगळं. केस नीट विंचरलेले, ब्लाउजची बटणं बरोबर लावलेली, आणि चेहऱ्यावर नव्या पाहुण्याला दाखवतात ते अगत्य.

"या ना. आमचे हे आतच आहेत," असं म्हणून ती वळली. डावा तळहात तिने भिंतीच्या लाकडी पट्ट्यांवर टेकवला आणि तो तसाच सरकवत निघाली. कपाटाच्या कडेशी हात वळला, एक दार ओलांडलं, दुसऱ्या दारापाशी न बघता दिव्याचं बटण दाबलं आणि बाथरूममध्ये जाऊन आतून दार लावून घेतलं.

"आता कुठला नियम मोडला आम्ही?" स्वयंपाकघरातून ड्वेनने विचारलं.

"रुडी म्हणतो, शुक्रवारपर्यंत कारखान्याची दांडी पाहिजे. हातची चालत नाही."

"दांडी लागणार हे मला कापली तेव्हाच ठाऊक होतं. पण ती मीच वेल्ड करणार होतो."

"नाही मिळाली तर घर मोडण्याची मदत मिळेल. कॉलव्हिलला मुलगी आहे ना तुझी? तिच्याजवळ एखादी खोली..."

ड्वेनने हातातला कप खाली ठेवला. ओरडेल असं तिला वाटलं, पण तो हळूच बोलला. आत मार्जीन होती.

"मार्चमध्ये नेलं होतं हिला मुलीकडे. चारच दिवस. पहिल्याच दिवशी कपाट उघडून आत उभी राहिली. बाथरूम सापडेना. मग जे व्हायचं ते झालं, मुलीसमोर, जावयासमोर. चोपन्न वर्षांत मी हिला तसं रडताना बघितलं नव्हतं. इथे डोळे मिटून फिरते. माझं नाव विसरते, या भिंती विसरत नाही. कॉलव्हिलच्या पार्कात जागा घेतली आहे मी. खिडकीबाहेर लार्च लेन असो नाहीतर चंद्र असो, तिला फरक नाही. आतलं तेवढं हेच पाहिजे. आणि आतलं सगळं चाकांवर आहे बघ, केवढं नशीब. फक्त ओढायला काही नाही."

लोरीनला माफी मागायची होती. पण माफी मागायची सवय असावी लागते. ती "बघते" म्हणाली आणि बाहेर पडली.

मंगळवार आणि बुधवार तिने उरलेली घरं पालथी घातली. एकाने दांडीवर मांस भाजायची शेगडी बसवली होती, पाय कापून. एकीने तिच्यात माती भरून फुलं लावली होती आणि ती गंजून चाळणी झाली होती. बाकीच्यांनी भंगारात दिल्या होत्या.

"तुझ्याच नोटिशीत लिहिलं होतं ना, भंगारात द्या म्हणून?" एका म्हातारीने तिला ऐकवलं. "मग आता कशाला दारोदार फिरतेस?"

निघून गेलेल्यांना तिने फोन केले. एकाची दांडी होती, पण जोडघराची, दुप्पट रुंद. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. पण कळसा काखेत आहे हे म्हणीतल्या माणसाला ठाऊक नसतं. लोरीनला ठाऊक होतं, आणि म्हणूनच ती एवढा वळसा घालत होती.

कारण लोरीनची स्वतःची दांडी लोरीनच्याच घराखाली होती. नववा आणि चौदावा, दोन्ही नियम मोडून, ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेली. दरवर्षी बर्फ वितळलं की ती घराच्या बुडाचा पत्रा बाजूला सरकवून कोपरांवर आत जायची आणि दांडीला तेल पुसून यायची. का, ते तिने कधी स्वतःलाही विचारलं नव्हतं. दांडी घराखाली आहे एवढं बघून रुडीने तिच्या घरावर बरोबरची खूण केली होती. चोवीस तारखेला ते न्यूपोर्टला जायचं होतं. नदीकाठची कोपऱ्यातली जागा मिळाली होती तिला, दोन बर्च झाडं असलेली. मदतनिधीचा कागदही मंजूर होऊन आला होता.

गुरुवारी सकाळी तिने रुडीला बोलावून ताडपत्री सोडली. रुडीने टेप लावला, शिक्का वाचला आणि बिया चावायचा थांबला.

"तुमचं आणि सत्तावीस नंबरचं घर एकाच कारखान्याचं आहे. रुंदीसुद्धा एकच. पट्ट्या वेल्ड करून मी ही आजच्या आज बसवू शकतो. पण मॅडम, मग तुमच्या घराला काय लावणार?"

"तपासणी झाली की काढून माझ्या घराला नाही लावता येणार?"

"तपासनीस दोन्ही घरं शुक्रवारीच बघणार, दहा मिनिटांच्या अंतराने. आणि एकदा शिक्का मारला की हात लावायचा नाही. दांडी एक, घरं दोन. मी जादूगार नाही."

लोरीन घरात गेली. स्वयंपाकघरात उभी राहून तिने चहूकडे नजर फिरवली. अठ्ठावीस वर्षांचं घर. पडदे तिने शिवलेले, ओट्याच्या कडेची पट्टी तिने बसवलेली. डोळे मिटून चालता आलं असतं तिलाही. पण डोळे उघडूनही तिला चालता येत होतं, आणि फरक तेवढाच होता. तिला रडू आलं. तिने ते पाच मिनिटं येऊ दिलं, मग तोंड धुतलं आणि मदतनिधीच्या ऑफिसला फोन लावला. पलीकडे नेहमीच्याच हॅलोरनबाई होत्या.

"कोणाचा फॉर्म आज, लोरीन?" त्यांनी हसून विचारलं.

"माझा. 'घर हलवणार' वर खूण आहे, ती 'हलवता येत नाही' वर न्यायची आहे."

फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला.

"अहो, तुमचं तर मंजूर झालंय. यात मदत निम्म्याहून कमी होते. आणि एकदा बदललं की मागे फिरता येत नाही. घर मोडतात ते. घराला काय झालं?"

"दांडी नाही."

"तुमच्याकडे? चौतीस घरांचे कागद तुम्ही मला पाठ म्हणून दाखवलेत आणि तुमच्याच घराला दांडी नाही?"

"आमच्याकडे तसा नियम होता," लोरीन म्हणाली.

दुपारी रुडीने दांडी गाडीवर घालून सत्तावीस नंबरसमोर नेली. ड्वेन बाहेर आला. दांडीला तेल होतं, नऊ-दहा वर्षांचं जपलेलं तेल. त्याने बोटाने पुसून पाहिलं आणि सरळ लोरीनच्या पायरीशी आला.

"ही तुझी आहे."

"होती."

"म्हणजे माझी कापायला लावलीस आणि स्वतःची लोणच्यासारखी मुरवत ठेवलीस?"

"हो."

ड्वेनला एवढ्या सरळ उत्तराची अपेक्षा नव्हती. "मला नको. तुझे उपकार नकोत मला."

"उपकार नाहीत. दंड आहे. तीन वेळा नोटीस लावली होती मी तुला. बायकोच्या बहिणीसमोर. त्याचा मला दंड."

"आणि दंड किती तेही तूच ठरवणार. बाई, मॅनेजरी काही सुटत नाही तुझी."

"तीस तारखेपर्यंत आहे मी मॅनेजर," लोरीन म्हणाली. मग तिला जे सोमवारपासून जमलं नव्हतं ते बाहेर पडलं. "चुकलं माझं, ड्वेन. लोक आपल्याला गाडीवाले म्हणतील म्हणून मी सगळ्यांचे पाय तोडले. आपण गाडीवालेच होतो, त्यात लाज कसली होती? तिला घेऊन जा. तिचं घर तिला राहू दे."

ड्वेनने टोपी काढली, पुन्हा घातली. "तू कुठे जाणार?"

"याकिमाला, बहिणीकडे. शिवणाची खोली आहे तिची. मशीन हलवते म्हणाली."

रुडीचा वेल्डर आला तेव्हा त्याला बाजूला करून पट्ट्या पकडायला तो स्वतः गुडघ्यावर ड्वेन बसला. शुक्रवारी तपासनिसाने सत्तावीस नंबरवर शिक्का मारला. लोरीनच्या भिंतीवरची रुडीची खूण तिने स्वतःच ओल्या फडक्याने पुसली आणि खडू मागून घेऊन फुली मारली. रुडीच्याने ते झालं नसतं.

अठ्ठावीस तारखेला घर निघालं. चालत्या घरात माणसाला बसता येत नाही, आणि मार्जीनला एकटं गाडीत बसवता येत नाही. ड्वेनला ट्रकच्या मागे-पुढे लक्ष ठेवायचं होतं. तेव्हा ठरलं की लोरीनने तिला आपल्या गाडीत घ्यायचं आणि घराच्या मागोमाग चालवायचं, म्हणजे घर सतत तिच्या डोळ्यांसमोर राहील. सत्तर मैल दोघी घराच्या पाठीकडे बघत गेल्या. मार्जीन दर थोड्या वेळाने विचारायची, "ते कुणाचं घर आहे?" आणि लोरीन दर वेळी सांगायची, "तुमचं." "छान आहे," मार्जीन म्हणायची. पन्नासएक वेळा तरी झालं असेल. एकदाही लोरीन चिडली नाही, आणि तिला ओळखणाऱ्यांना हे सांगूनही खरं वाटणार नाही.

कॉलव्हिलला चार वाजता घर ठोकळ्यांवर टेकलं. पाणी आणि वीज दुसऱ्या दिवशी यायची होती. पायऱ्या लावून झाल्यावर ड्वेनने दार उघडलं आणि बाजूला झाला. गाडीतून उतरलेली मार्जीन नव्या झाडांकडे, नव्या रस्त्याकडे बघत बावरून उभी होती. लोरीनने तिचा हात धरून तिला पायऱ्यांवरून वर आणलं आणि उंबऱ्यात सोडून दिलं.

मार्जीनने डावा तळहात भिंतीवर टेकवला. तो सरकवत ती निघाली. कपाटाच्या कडेशी हात वळला, एक दार गेलं, दुसऱ्या दारापाशी तिने बटण दाबलं. दिवा लागला नाही, पण तिला त्याचं काही वाटलं नाही. आत गेली, दार लावून घेतलं. ड्वेन ओट्याला दोन्ही हात टेकून मान खाली घालून उभा राहिला. लोरीन खिडकीबाहेर बघत राहिली.

थोड्या वेळाने मार्जीन बाहेर आली ती घरची बाई होऊनच.

"अहो, बसा ना, उभ्या का? कॉफी घेणार ना?" मग ड्वेनला म्हणाली, "पाहुण्यांना कॉफी दे."

ड्वेनने थर्मास आणला आणि तीन कप मांडले. मार्जीन लोरीनच्या समोर बसली.

"तुम्ही कुठे राहता?"

लोरीनने ड्वेनकडे पाहिलं नाही. तिच्या घरावर सोमवारी बुलडोझर यायचा होता. "जवळच," ती म्हणाली.

"स्वतःचं घर आहे?"

"हो."

"मग येत जा. हल्ली लोक शेजारी राहूनसुद्धा येत नाहीत."

लोरीनने कप तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

"येईल ती," ड्वेन म्हणाला. "आपलीच शेजारीण आहे, मार्जीन. लोरीन तिचं नाव." आणि थर्मासमध्ये राहिलेली कॉफी त्याने लोरीनच्या कपात ओतली.